पायऱ्यांचे बेट : साबा

कॅरिबियन समुद्राचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि निळे पाणी येते. आम्हालाही तेच अपेक्षित होते. परंतु मागील जानेवारीत आम्ही उभयतांनी ज्या बेटाला भेट दिली, तेथे सांगण्यासारखा वाळूचा किनारा नाही, नांगर टाकायला सुरक्षित खाडी नाही, सपाट जमीनही जवळजवळ नाही. समुद्रातून एक काळा डोंगर सरळ वर उठला आहे, त्याचे शिखर बहुतेक वेळ ढगात बुडालेले असते आणि त्याच्या अंगाखांद्यावर सुमारे दोन हजार माणसे राहतात. या बेटाचे नाव साबा. क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढे.

वाचकांना प्रथम प्रश्न पडेल की कापडाच्या व्यापाऱ्याचे कुटुंब शिडाच्या नौकेवर गेले कसे? आमची मूळ पेढी सोलापूरची. सोलापुरी चादरी आणि टॉवेल यांचा घाऊक व्यापार घेऊन हे न्यू जर्सीला गेले आणि बावीस वर्षे आम्ही तेथेच राहिलो. तेथील एका परिचितांच्या नौकेवर रविवारी फेरफटका मारता मारता आम्हा दोघांना शिडाचा नाद लागला. रीतसर शिक्षण घेतले, परीक्षा दिल्या. मुलाने धंद्याची जबाबदारी उचलली, तेव्हा यांनी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या आणि आम्ही एक वर्ष समुद्रावर काढायचे ठरविले. सेंट मार्टिन बेटावर जुन्या नौकांची खरेदी-विक्री बरीच चालते. तेथे छत्तीस फुटी एक नौका आम्ही विकत घेतली.

किल्ल्या दिल्या, पण सवय गेली नाही. चौतीस वर्षे ज्याने रात्री दुकानाचे कुलूप दोनदा ओढून पाहिले, तो माणूस नौकेचे कुलूप तीनदा ओढून पाहतो. दुसऱ्याने बांधलेली गाठ यांना मान्य नसते, ती सोडून पुन्हा स्वतः बांधतात. हा स्वभाव येथे मुद्दाम सांगते, कारण पुढील हकीकत त्याच्याशीच निगडित आहे.

सेंट मार्टिनचा एक भाग फ्रेंच व दुसरा डच आहे. डच भागातील फिलिप्सबर्ग या गावच्या फ्रंट स्ट्रीटवर भारतीय वंशाच्या, विशेषतः सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने ओळीने दिसतात. जडजवाहीर, घड्याळे, विजेची उपकरणे. तेथे डाळ, पीठ, मसाले मिळण्याची सोय झाल्यामुळे आमचा मुक्काम लांबत गेला. स्वच्छ हवेच्या दिवशी नैर्ऋत्येच्या बाजूला क्षितिजावर एक टोकदार निळी आकृती दिसे. हे रोज सकाळी चहा घेताना तिच्याकडे पाहत आणि म्हणत, “एकदा जाऊन येऊ.” मी म्हणे, “जाऊ, पण परत येण्याचा हिशेब आधी करू.”

हा हिशेब महत्त्वाचा होता. या समुद्रात वारा बहुतेक बारा महिने पूर्वेकडून वाहतो. साबा सुमारे २८ नाविक मैलांवर, जवळजवळ दक्षिणेस आहे. जाताना वारा बाजूने मिळतो, नौका सुखाने धावते. परतताना तोच वारा तिरपा तोंडावर येतो, लाटाही समोरून येतात. उतारावरून बैलगाडी सोडावी आणि त्याच चढावरून ओढत आणावी, असा तो प्रकार. शिवाय हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये कोठे तरी दूर वादळ झाले, तर दोन-तीन दिवसांनी त्याचे लांबलचक उधाण येथवर पोहोचते. साबाला नौका बांधण्याची जी जागा आहे ती बेटाच्या पश्चिमेस आहे. पूर्वेच्या वाऱ्यापासून तेथे आडोसा मिळतो, पण उत्तरेच्या उधाणापासून मिळत नाही.

हवामानाचा अंदाज पाहता मंगळवार व बुधवार शांत होते, गुरुवारी उधाण येणार होते. मंगळवारी जायचे आणि गुरुवारच्या पहाटे परत फिरायचे, असे ठरले. शेजारच्या नौकेवर एक वृद्ध डच नाविक राहत असत. त्यांना आम्ही आमचा बेत सांगितला. ते म्हणाले, “साबावर पाहुणा म्हणून जा, मुक्काम करायला जाऊ नका. समुद्र बदलला की निघा.” मी शिदोरीत मेथीचे ठेपले, खाखरे, भाजलेले शेंगदाणे आणि दोन वेळची मुगाची खिचडी होईल एवढे सामान घेतले. मंगळवारी पहाटे सहाला आम्ही नांगर उचलला.

प्रवास खरोखरच सुखाचा झाला. जसजसे जवळ जाऊ लागलो, तसतशी ती निळी आकृती हिरवी झाली, मग तिच्यावर काळे कडे दिसू लागले. वायव्य टोकाशी डायमंड रॉक नावाचा एक सुळका समुद्रातून वर आला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेने तो पांढराशुभ्र दिसतो. त्याला वळसा घालून आम्ही लॅडर बे नावाच्या जागी आलो. नाव ‘बे’, परंतु खाडीचा मागमूस नाही. सरळ उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी धोंडे. कड्यावरून वाऱ्याचे झोत अचानक खाली कोसळतात आणि नौका जागच्या जागी गरकन फिरते.

या ठिकाणी पाण्यावर पिवळे बोये तरंगत असतात. बेटाभोवतीचा सारा समुद्र, किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९८७ साली संरक्षित सागरी उद्यान म्हणून घोषित झाला. नांगर टाकला की समुद्रतळावरची प्रवाळे मोडतात, म्हणून उद्यानाने तळाशी पक्के बांधलेले बोये ठेवले आहेत. आलेल्या नौकेने आपले दोर त्या बोयाच्या फासात ओवायचे आणि ठरावीक शुल्क भरायचे. व्यवस्था उत्तम आहे, पण यांना काही पटेना. “खाली कोणी काय बांधले आहे, आपल्याला काय माहीत? आपली सारी पुंजी त्या एका कडीवर टांगायची?” असे म्हणून यांनी डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा चढविला आणि पाण्यात उडी मारली. पाणी इतके नितळ की दोर तळापर्यंत जाताना स्पष्ट दिसत होता. वर आल्यावर म्हणाले, “दिसायला तरी ठीक आहे.” आमचे स्वतःचे दोन नवे दोर आम्ही फासात ओवले आणि नौकेच्या पुढच्या भागावर बांधले.

“अहो, नौकेच्या काठावर जेथे दोर घासतो, तेथे कापड गुंडाळू या,” मी म्हटले.

“दोर नवा आहे. दोन दिवसांत काय होणार?” हे म्हणाले आणि विषय तेथेच संपला.

लॅडर बे हे नाव ज्यावरून पडले, तो जिना समोरच दिसत होता. कड्याच्या अंगावर खडकात खोदलेल्या सुमारे आठशे पायऱ्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटावर येणारी बहुतेक प्रत्येक वस्तू याच मार्गाने किंवा फोर्ट बेच्या अशाच खडतर चढावरून माणसांच्या डोक्या-खांद्यावरून वर गेली. होडी लाटेबरोबर धोंड्यांजवळ न्यायची, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माल उतरवायचा आणि डोक्यावर घेऊन चढायचे. पीठ, साखर, लाकूड, घरातले जड सामान, सारे काही. मध्यावर जकातीची जुनी कचेरी अजून ओसाड उभी आहे. आमच्यासारख्या व्यापारी माणसाला तो जिना पाहून पहिला विचार आला तो हमालीचा. एका पोत्याची हमाली मालाच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल!

आज बेटावर उतरायचे ते फोर्ट बेच्या धक्क्यावर. हा धक्का १९७२ मध्ये बांधला गेला. आम्ही नौका बोयावर ठेवून लहान रबरी होडीने, अंगावर पाणी उडवून घेत, दीड-एक मैल दक्षिणेला गेलो. बंदराच्या कचेरीत आगमनाची नोंद केली, उद्यानाचे शुल्क भरले. तेथील एका तरुण कर्मचाऱ्याने सांगितले की बोयांची नियमित पाहणी होते. “मात्र तुमचा स्वतःचा दोर तुम्हीच सांभाळायचा,” असेही तो म्हणाला. हे वाक्य आम्ही दोघांनी ऐकले आणि दोघांनीही सोडून दिले.

धक्क्यापासून जो रस्ता वर जातो, त्याची कथा या बेटावर प्रत्येकजण सांगतो. या डोंगरावर रस्ता बांधणे अशक्य आहे, असा निर्णय हॉलंडच्या अभियंत्यांनी दिला होता. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या स्थानिक गृहस्थाने तो निर्णय मानला नाही. त्याने टपालाने स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून काम सुरू केले. मोठी यंत्रे नव्हती. फावडी, पहारी, ढकलगाड्या आणि माणसांचे हात एवढेच भांडवल. फोर्ट बेपासून द बॉटम या गावापर्यंतचा पहिला टप्पा १९४३ मध्ये पूर्ण झाला. पहिली मोटार १९४७ मध्ये बेटावर आली आणि संपूर्ण रस्ता व्हायला १९५८ साल उजाडले. वीस वर्षे! आमच्या टॅक्सीने पहिल्याच वळणावर असा चढ घेतला की मी समोरची दांडी घट्ट धरली. कडेचे दगडी कठडे हाताने रचलेले आहेत, हे पाहताक्षणी कळते.

असेच विमानतळाचेही झाले. बेटावर एकच जागा थोडीफार सपाट होती. तेथले धोंडे गावकऱ्यांनी हटविले आणि १९५९ मध्ये शेजारच्या सेंट बार्ट्स बेटावरील रेमी दे हेनन या वैमानिकाने तेथे पहिले विमान उतरवून दाखविले. १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. त्याची धावपट्टी अवघी ४०० मीटर असून जगातील सर्वांत आखूड व्यापारी धावपट्ट्यांत तिची गणना होते. दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र!

द बॉटम हे राजधानीचे गाव. नावावरून ते तळाशी असावे असे वाटते, प्रत्यक्षात ते समुद्रापासून बरेच उंचावर, डोंगरांच्या मधल्या खळग्यात वसले आहे. वाडगा या अर्थाच्या डच शब्दावरून हे नाव आले, असे सांगतात. घरे सारी पांढरी, छपरे लाल, खिडक्यांना हिरवी किनार. एखाद्या मुलाने चित्र काढावे तशी. येथे एक वैद्यकीय महाविद्यालय असून अमेरिका-कॅनडातून विद्यार्थी शिकायला येतात. नदी-ओढा नाही, म्हणून छपरावर पडणारे पावसाचे पाणी घराशेजारच्या टाक्यांत साठवितात. पाण्याचा नळ कोणी उगाच सुटा ठेवत नाही. मला आमच्या आजोळच्या घरातील तांब्याच्या हंड्यांची आठवण झाली.

तेथून आम्ही विंडवर्डसाइड या वरच्या गावी गेलो. मला पाहायची होती ती साबाची प्रसिद्ध लेस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गर्ट्रूड जॉन्सन नावाची येथील एक मुलगी शिक्षणासाठी व्हेनेझुएलातील काराकासच्या एका मठात गेली होती. तेथील जोगिणींकडून ती हे काम शिकली आणि परत आल्यावर तिने ते गावातील स्त्रियांना शिकविले. तलम कापडातील काही धागे मोजून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांना सुईने गाठी मारून त्यांतून नक्षी उठवायची, असे हे काम आहे.

त्या काळी बेटावरील पुरुष बहुतेक खलाशी होते. वर्षानुवर्षे ते समुद्रावर असत, घर स्त्रियांच्या हाती असे. १८८४ मध्ये सेंट किट्सशी टपालाची सोय झाली आणि या स्त्रियांनी एक विलक्षण व्यापार उभा केला. अमेरिकेतून येणाऱ्या मालाच्या खोक्यांवर कंपन्यांचे पत्ते छापलेले असत. हे पत्ते त्या उतरवून घेत आणि त्या कंपन्यांत काम करणाऱ्या लोकांना पत्रे लिहीत, ‘आम्ही हाताने लेस विणतो, आपणास हवी असल्यास कळवावे.’ ना ओळख, ना दलाल, ना दुकान. मागणी येऊ लागली, टपालाने माल जाऊ लागला. १९२८ पर्यंत वर्षाकाठी सुमारे १५ हजार डॉलरची लेस या चिमुकल्या बेटावरून बाहेर जात होती. ज्या बेटावर मोटार पोहोचायला अजून एकोणीस वर्षे होती, तेथील घरात बसून या बायांनी परदेशात गिऱ्हाइके मिळविली. पेढीचा व्यवहार पत्रावर आणि शब्दावर चालविणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट नक्कीच आवडली असती.

एका घराच्या ओसरीत एक वयस्कर बाई काम करीत बसल्या होत्या. शेजारी काही रुमाल मांडलेले होते. यांनी एक रुमाल उचलला आणि व्यापाऱ्याच्या सवयीने उजेडाकडे धरून धागे मोजू लागले. मग उलटी बाजू पाहिली. उलट बाजूलाही एक गाठ विसविशीत दिसेना. किंमत ऐकल्यावर सवयीनेच यांनी थोडे कमी करण्याविषयी विचारले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हातातील अर्धवट रुमाल यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “एवढे काम करायला मला अकरा दिवस लागले. तुम्ही कापडातले जाणता असे दिसते. तुम्हीच किंमत सांगा.”

चौतीस वर्षांत यांना कोणी असे निरुत्तर केलेले मी पाहिले नव्हते. यांनी सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली. वर रस्त्यात मला म्हणाले, “खरे तर कमीच सांगितली बाईंनी.”

सूर्यास्तापूर्वी आम्ही नौकेवर परतलो आणि जेवण उरकले. रात्री हे दर दोन तासांनी उठून बोया पाहत होते. मी विचारले, “काय पाहता?” तर म्हणाले, “धरून आहे की नाही ते.” बोया धरून होता.

बुधवारी सकाळी माउंट सीनरी चढायचा बेत होता. हे बेटाचे शिखर, उंची ८८७ मीटर. गंमत अशी की नेदरलँड्सच्या राज्यातील सर्वांत उंच ठिकाण हेच आहे, कारण युरोपातील हॉलंड जवळजवळ सपाट. विंडवर्डसाइडपासून शिखरापर्यंत १,०६४ पायऱ्या आहेत. सकाळचा अंदाज कालच्यासारखाच होता, उधाण गुरुवारी. आम्ही साडेनऊला चढू लागलो. हे प्रत्येक शंभर पायऱ्यांना मोठ्याने आकडा सांगत होते.

दोनशे पायऱ्यांनंतर ऊन संपले. चारशेनंतर ढग सुरू झाला. झाडांच्या खोडांवर हिरवे शेवाळ, माणसाच्या डोक्याहून मोठी पाने, झाडासारखे वाढलेले नेचे. पाऊस नसताना पानांवरून पाणी ठिबकत होते. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या. खाली दरी होती, पण ढगामुळे दिसत नव्हती. एवढी शांतता मी आयुष्यात फार थोड्या ठिकाणी अनुभवली आहे. गुडघे दुखत होते, तरी वर जावेसे वाटत होते.

सहाशे साठाव्या पायरीवर आम्ही पाणी प्यायला थांबलो. यांच्या फोनवर त्या वृद्ध डच शेजाऱ्यांचा निरोप येऊन पडला होता, ‘उत्तरेचे उधाण लवकर आले. येथील उत्तर किनाऱ्यावर लाटा फुटत आहेत. तुम्ही कोठे आहात?’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. शिखर अर्ध्या तासावर. आलो तो मार्ग पुन्हा केव्हा चढणार? आमची वये साठीच्या घरातली. मला वाटले, हे आता म्हणतील की लगेच चला. कारण दुकान सोडून लग्नालाही एक दिवसाच्या वर न थांबणारा हा माणूस. परंतु हे म्हणाले, “चारशे चार राहिल्या. अर्धा तास. बोया चांगला आहे, मी स्वतः पाहिला आहे.”

इतक्या वर्षांत प्रथमच यांनी दुसऱ्याच्या बांधणीवर विश्वास टाकला होता आणि नेमक्या त्याच वेळी मला नाही म्हणावे लागले. मी म्हटले, “बोयाचे मला भय नाही. आपल्या दोराचे आहे. कापड गुंडाळायचे राहिले आहे.”

हे क्षणभर गप्प राहिले. मग काठी उचलून माझ्या आधी उतरू लागले. उतरताना यांनी एकही पायरी मोजली नाही.

टॅक्सीने फोर्ट बे, कचेरीत निघण्याची नोंद, पुन्हा रबरी होडी. धक्क्याचा आडोसा संपताच समुद्र बदललेला दिसला. वारा तसा बेताचाच, पण लांब, गुळगुळीत, भिंतीसारख्या लाटा एकामागून एक येत होत्या आणि लॅडर बेच्या धोंड्यांवर पांढऱ्या होऊन फुटत होत्या. आमची नौका दोरांना हिसके देत वरखाली होत होती. होडीतून नौकेवर चढणे हेच सर्वांत अवघड ठरले. होडी लाटेबरोबर माणसाच्या छातीएवढी वर उचलली जाई आणि तितकीच खाली जाई. वर आली की कठडा धरायचा. पहिल्या वेळी माझा हात निसटला आणि नडगी लोखंडावर आपटली. दुसऱ्या वेळी धरला. मी वर, मग हे वर.

हे धावत नौकेच्या पुढच्या भागाकडे गेले आणि तेथेच बसून राहिले. मला वाटले काही लागले. जवळ जाऊन पाहते तो उजव्या बाजूच्या दोराचे तीन पेळांपैकी दोन तुटलेले. एकच पेळ उरलेला, तोही ताणाने वाद्याच्या तारेसारखा ताठ. डाव्या बाजूचा दोरही काठावर घासून विसकटलेला. बोयाचा फास, त्याची कडी, खालचा दोर, ज्यांवर यांनी रात्रभर पहारा केला, त्या सर्वांना काहीही झाले नव्हते. घासला होता तो आमचा, आमच्या हातांनी बांधलेला, नवा दोर.

अजून तासाभराने आलो असतो तर नौका धोंड्यांवर असती, हे सांगायला कोणी जाणकार नको होता.

इंजिन सुरू केले, दोर सोडले आणि दुपारी साडेतीनला आम्ही डायमंड रॉकच्या पलीकडे मोकळ्या समुद्रात आलो. शीड लहान केले. त्यानंतरचे सहा-साडेसहा तास मी विसरणार नाही. वारा तिरपा तोंडावर, डाव्या अंगाने उत्तरेचे उधाण, प्रत्येक तिसरी लाट पुढच्या डेकवरून आमच्या अंगावर. यांना मळमळू लागले, म्हणून सुकाणू माझ्याकडे आले. सूर्य बुडण्यापूर्वी आम्ही एका हाताने कठडा धरून एकेक ठेपला खाल्ला. मागे वळून पाहिले तर साबाचे शिखर ढगातून पूर्ण बाहेर आले होते. दोन दिवसांत प्रथमच. हे पाहून आम्हाला दोघांनाही हसू आले.

रात्री दहाच्या सुमारास सिम्पसन बेच्या दिव्यांजवळ नांगर टाकला. ही जागा दक्षिणेकडे उघडी असल्यामुळे उत्तरेच्या उधाणापासून सुरक्षित. शेजारच्या नौकेवरून त्या वृद्ध नाविकांनी टॉर्चचा प्रकाश दोनदा उघडमीट केला आणि ते झोपायला गेले. आमचे दिवे दिसेपर्यंत ते जागे राहिले होते, हे दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी यांनी तो तुटका दोर कापून त्याचा वीतभर तुकडा वेगळा काढला. मग माळ्यावरच्या पेटीतून दोन सोलापुरी टॉवेल काढले, त्यांचे पट्टे फाडले आणि नौकेच्या काठावर जेथे जेथे दोर घासतो तेथे तेथे व्यवस्थित गुंडाळून शिवून टाकले. टाके यांनी स्वतः घातले. “चौतीस वर्षे टॉवेल विकले,” हे म्हणाले, “आणि गरज पडली तेव्हा वापरायचे सुचले नाही.”

वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेल्यास साबाला अवश्य जावे. त्यासाठी शिडाची नौका लागत नाही. सेंट मार्टिनहून लहान विमान पंधरा-एक मिनिटांत पोहोचते, प्रवासी बोटही आहे. बेटाचा कारभार २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका म्हणून चालतो, चलन मात्र अमेरिकन डॉलर आहे. भाषा सर्वत्र इंग्रजी चालते. शाकाहारी मंडळींनी थोडा कोरडा शिधा बरोबर ठेवावा, पण भात, भाज्या, फळे मिळतात आणि आधी सांगितले तर लोक आपुलकीने वेगळे करून देतात. पायात चांगली पकड असलेले बूट असावेत. लेस घ्यायची असेल तर घासाघीस करू नये.

तो वीतभर दोर आता सोलापूरच्या दुकानात, गल्ल्याच्या वरच्या खणात आहे. मुलाने एकदा विचारले की हा कशासाठी जपला आहे. हे म्हणाले, “दुसऱ्याचे कुलूप तपासायला निघालो की आधी याच्याकडे बघतो.” लेसचा रुमाल मात्र माझ्या कपाटात आहे. त्या चारशे चार पायऱ्या अजून राहिल्या आहेत. पुढच्या जानेवारीत गुडघ्यांनी साथ दिली, तर विमानाने जाऊ, असे आमचे ठरले आहे.